शुक्रवारचं कालवण

माझी आत्या मला घास गिळू देत नसे. परसातल्या चुलीपुढे ती उकिडवी बसलेली असायची. पळीतला वाफाळता तुकडा माझ्या तोंडात गेला, की ती लगेच माझी हनुवटी धरायची. "गिळू नगं. आधी सांग." तोंडात घास असताना बोलू नये, हे तुम्हा सगळ्यांना मीच शिकवलं. मला मात्र बोलायला शिकवलं ते याच बाईनं, जिभेवर गरम मटणाचा तुकडा ठेवून. "चांगलं झालंय," असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "चांगलं म्हंजी काय? चांगलं तर पान्यालाबी म्हंत्यात. मीठ कुठं लागतंय, जिबंच्या शेंड्याला का कडंला? तिखट आत्ता आलं का मागनं आलं? बोल बया, निवतंय ते."

गौरी, तू पत्रात लिहिलंस की तुमच्या गावात शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथून तू अनोळखी भाज्या आणतेस आणि आदल्या दिवशीचं उरलेलं मटण घालून काहीतरी नवीन करून बघतेस. 'आजी, तुमच्या लहानपणी असलं काही कुणी करायचं का?' करायचं. जी करायची तिचं नाव बनाबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी बनाआत्या. तिच्याविषयी लिहायचं मी साठाहून जास्त वर्षं टाळलं. लिहायला बसलं की मला राग येतो, आणि रागात माझं अक्षर बिघडतं. या पत्रात खाडाखोड दिसली तर समजून घ्या.

तेहतीस-चौतीस सालची गोष्ट. माझे वडील, आबा, कालवा खात्यात कारकून होते. आम्ही बारामतीत कालव्याच्या अलीकडे तीन खोल्यांच्या घरात राहत होतो. आईला धुरानं दम लागायचा, म्हणून स्वयंपाक आत्याकडे होता. ती तेव्हा तिशीची असेल. उंच, काटकुळी, आणि सदा कुणावर तरी संतापलेली. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. तिचं सासर इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचं. नवऱ्याच्या तेराव्याला सासरच्यांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की मांस-मासळी बंद, हे तुम्हाला माहीत असेल. तिला कुणी विचारलं नाही. त्या घरात दुसरं कुणीही माळकरी नव्हतं. महिन्याभरात दीर-सासरे मटणावर ताव मारायला लागले, माळ फक्त तिच्या गळ्यात राहिली. लहानपणी भीमेच्या काठी फडक्यात मासे धरून तिथल्या तिथे भाजून खाणारी ही मुलगी. वर्षभरानं सासरच्यांनी तिला भावाकडे पाठवून दिलं.

आता आबांची अडचण बघा. बहीण माळकरी, म्हणजे तिनं मटणाला हात लावायचा नाही. बायकोला धूर सोसत नाही. आणि आबांना दर बुधवारी मटण लागायचं. हिशेबी माणूस, त्यांनी तोडगा काढला. परसदाराच्या चौकटीशेजारी एक खुंटी ठोकली. मटण रांधताना आत्यानं माळ काढून त्या खुंटीला अडकवायची, परसातल्या चुलीवर रांधायचं, मग डोक्यावरून पाणी घेऊन माळ परत गळ्यात घालायची. देवाला हे कसं चालतं, हे आबा देवाच्या वतीनं सांगायचे.

मी एकदा आत्याला विचारलं, "रांधताना माळ काढतेस, मग खाताना का नाही काढत?"

"तुज्या बापाला इचार."

मी विचारलं. आबा म्हणाले, "मोठी झालीस की कळेल." मी आता पंचाहत्तर वर्षांची आहे. अजून कळलेलं नाही.

बुधवारी मटण व्हायचं. गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी घरात कुणी मटण खायचं नाही. त्यामुळे बुधवारचं उरलेलं शुक्रवारपर्यंत टिकवावं लागे. बर्फ नव्हता, तुमच्यासारखी थंड कपाटं नव्हती. आत्या मटणाचं गाडगं परसातल्या छपरीत शिंक्यावर ठेवायची आणि गुरुवारी सकाळ-संध्याकाळ उतरवून त्याला कडकडीत उकळी द्यायची. बारामतीचा गुरुवार म्हणजे बाजाराचाही दिवस. कालव्याचं पाणी मिळाल्यापासून वाड्यावस्त्यांवरची मंडळी नवनव्या भाज्या लावून बघत होती आणि बाजारात आणत होती. अर्ध्या भाज्यांची नावं विकणाऱ्यांनाही धड ठाऊक नसत. लोक लांबून बघत आणि पुढे जात. आत्या नेमकी तिथेच थांबायची.

वडगाव निंबाळकरहून कोंडाबाई नावाची बाई पाटी घेऊन यायची. एका गुरुवारी तिच्या पाटीत हिरवट पांढरे गड्डे होते.

"ह्यो कसला गड्डा गं?" आत्यानं विचारलं.

"कोबी म्हंत्यात. सायेब लोक खात्यात."

"आन् तुमी?"

"आमी म्हशीला घालतो."

"म्हशीला आवडला का?"

"आता म्हस काय सांगनार, बनाबाई?"

"म्हंजी तू इचारलंच न्हाय," आत्या म्हणाली, आणि सगळ्यांत मोठा गड्डा उचलून तिनं तो कानाशी धरून दाबला. तो करकर वाजला, तेव्हाच घेतला.

शुक्रवारी सकाळी बाजारातला जिन्नस आणि बुधवारचं मटण यांची गाठ पडायची. आमच्या घरात त्या पदार्थाला नाव नव्हतं. दर वेळी तो वेगळा असायचा, म्हणून सगळे नुसतं 'शुक्रवारचं' म्हणायचे. कधी आंबट चुका, कधी हादग्याची फुलं, कधी हरभऱ्याचा कोवळा पाला. भेदरं, म्हणजे तुमचे टोमॅटो, तेव्हा माळकरी लोक शिवत नसत, मांसासारखी लाल म्हणून. आत्या म्हणायची, "माळ खुंटीवर हाय तंवर भेदरंबी माजी." नवलकोल पोखरून त्यात ती उरलेलं मटण कुटून भरायची, दोऱ्यानं बांधायची आणि निखाऱ्यावर भाजायची. कालची भाकरी चुरून रस्सा दाट करायची. फसायचंही. कच्च्या पेरूचं कालवण केलं तेव्हा मी सांगितलं, "आत्या, हे ताप आल्यावर देतात त्या काढ्यासारखं लागतंय, आणि बिया दातात अडकतायत." तिनं ते गल्लीतल्या कुत्र्यापुढे ओतलं. "बग, त्येनंबी इचार करून खाल्लं," म्हणाली.

तिला स्वतःला चव घेता येत नव्हती. ती वासावर आणि अंदाजावर रांधायची आणि उरलेलं मला विचारायची. नऊ वर्षांची मी तिची जीभ होते. हे आईला माहीत होतं, आबांना नव्हतं. आबांना वाटे, त्यांची बहीण वासावरून मीठ ओळखते. पाहुण्यांपुढे ते त्याचा बडेजाव मिरवत. जेवण सुरू व्हायच्या आधी वाटी घेऊन तिला दारात बोलवायचे. "आमच्या अक्का माळकरी आहेत, थेंबाला शिवत नाहीत. नुसत्या वासावर मीठ सांगतात. अक्का, सांग." ती वाटीवर वाकायची, "बरुबर हाय," म्हणायची आणि आत निघून जायची. पाहुणे वा वा करायचे. आत आल्यावर ती पळी चुलीवर आपटायची. "अस्वल केलंया माजं. नाचीव म्हनावं आता डमरूवर."

अशाच एका दिवशी, हात धुता धुता, ती मला म्हणाली, "कुसे, दुनिया जेवली माज्या हातचं. ते कसं लागतंय ते मला एकलीला म्हाईत न्हाय. एकदा, मराच्या आधी, मला ते खायाचंय."

"मग खा ना. आत्ता कुणी नाहीये."

"चोरून न्हाय," ती केवढ्यानं तरी ओरडली. "चोरून खाल्लं तर ते त्येंचंच ऱ्हातंय. पाट मांडून, त्यावर बसून, सगळ्यांच्या देखत." मग पदराला हात पुसून तिनं खुंटीवरची माळ काढली आणि गळ्यात घातली.

तो कोबीचा गड्डा ज्या गुरुवारी आणला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कालवा खात्यातले मोठे साहेब आमच्याकडे जेवायला यायचे होते. आबांच्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. साहेबांनी आधीच निरोप धाडला होता की इतर काही नको, तुमच्याकडचं ते शुक्रवारचं ऐकून आहे, तेच करा. फाल्गुन होता, दुपारचं ऊन आताच कडक झालं होतं. आणि नेमकं त्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी दत्ताचं भजन होतं. आबांनी सकाळीच हुकूम सोडला, आज परसातली चूल पेटणार नाही. भजनाला आलेल्या माणसांना मटणाचा वास येता कामा नये.

"गनू, उकळी दिली न्हाय तर त्ये टिकनार न्हाय," आत्या म्हणाली.

"एका दिवसानं काही होत नाही."

"मी रांधती का तू रांधतूस?"

"मी सांगतो ना, काही होत नाही," आबा म्हणाले, आणि टोपी घालून कचेरीला गेले. दिवसभर गाडगं शिंक्यावर लटकत राहिलं. आत्या चार वेळा छपरीत गेली आणि चार वेळा तशीच परत आली. चूल पेटवली असती तर? असं मी पुढे अनेकदा मनात म्हटलं. पण भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं भावाचा हुकूम मोडायचा नसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

आता माझं. बुधवारी मी कालव्यात पोहले होते आणि शुक्रवारी सकाळी मला सडकून पडसं झालं होतं. नाक पार चोंदलं होतं. पण आमच्या घरी पडसं म्हणजे मऊ भात आणि मेतकूट, शुक्रवारचं बंद. मला शुक्रवारचं हवं होतं. शिवाय साहेब यायचे होते, आणि त्या दिवशी आत्याची जीभ मीच असायला हवी होते. मी कुणाला सांगितलं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत राहिले.

आत्यानं माळ खुंटीला लावली, गाडगं उतरवलं, झाकण काढलं आणि थबकली. मग कोबी चिरून घातला, भेदरं घातली, उकळी आणली. कोबी शिजला की कसा दर्प सुटतो, तुम्हाला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. त्या घरात तो पहिल्यांदा शिजत होता. "कुसे, वास येगळा येतुया. ह्या गड्ड्याचा का मटनाचा, मला कळंना. हे धर. गिळू नगं."

तुकडा माझ्या तोंडात होता आणि मला काहीही लागत नव्हतं. ओलं फडकं चघळल्यासारखं. मी मागच्या शुक्रवारचे शब्द आठवले आणि जसेच्या तसे म्हणून दाखवले. "मीठ शेंड्याला. आंबट कडेला, भेदरांचं. तिखट मागून आलं."

"आन् त्येच्याबी मागं? नासकं काय लागतंय?"

"नाही."

"नीट बग."

"नाही म्हटलं ना आत्या!"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडगं खाली उतरवलं.

पंगत बसली. साहेब, त्यांच्याबरोबरचे इंदापूरकडचे ओव्हरसियर आणि आबा. मी दाराआड उभी होते. साहेबांनी पहिला घास घेतला, चावला आणि थांबले. मग दोन बोटांनी तो तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. "गणपतराव, हे गेलंय," ते सरळ म्हणाले. ते सभ्य होते, आवाज चढवला नाही. पण ओव्हरसियर हसले.

आबा ताडकन उठले आणि परसात आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "अक्का! नासलेलं वाढलंस? साहेबांच्या ताटात? वाढण्याआधी तोंडात घालून बघायला काय झालं होतं तुला?"

आत्या चुलीपुढून उठली. "काय म्हनलास?"

"चाखून बघता येत नव्हतं?"

"परत म्हन."

आबांनी दाराकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं असावं. पण ते मागे घेण्याचं काही त्यांना सुचलं नाही. दारात साहेब आणि ओव्हरसियर येऊन उभे राहिले होते. आई पदर तोंडाला लावून उभी. आत्या आत गेली, आबांचा शिसवी पाट उचलून आणला आणि परसात, सगळ्यांच्या देखत, दणकन जमिनीवर टाकला. त्यावर बसली. गाडग्यात हात घालून एक तुकडा काढला, त्याला कोबीचं पान गुंडाळलं आणि तोंडात घातलं. अकरा वर्षांनी.

ती सावकाश चावत होती. मग ती बोलायला लागली, जसं ती मला बोलायला लावायची तसं. "मीठ शेंड्याला. बरुबर हाय. कडंला आंबट, भेदराचं. तिखट मागनं. आन् त्येच्या मागं नासकं. कालच्या एका दिसाचं." ती थांबली. "गड्डा मातूर ग्वाड हाय." आणि ज्या बाईनं मला कधी घास गिळू दिला नाही, तिनं तो घास गिळला. "आता चाखलं, गनू. बास?"

तेवढ्यात मी नाकानं सुरसुर केली. आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझं लाल नाक, उघडं तोंड. एका नजरेत तिला सगळं समजलं, ते मला दिसलं. ती तोंड उघडेल आणि सांगेल, या भीतीनं मी चौकट घट्ट धरली. ती काही बोलली नाही. तिनं पाट उचलून भिंतीला टेकवला आणि गाडगं घेऊन उकिरड्याकडे गेली. मीही काही बोलले नाही. ती परत येईपर्यंत मला वेळ होता. संध्याकाळपर्यंत वेळ होता. दोन दिवस वेळ होता.

दोन दिवस आबा बहिणीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. परक्या पुरुषांपुढे बसून मांस खाल्लं, माळ बाटली. तिनं नरसिंहपूरला जाऊन संगमावर स्नान करावं, तिथल्या एखाद्या महाराजांच्या हातून माळ पुन्हा घालून घ्यावी आणि मग घरी यावं. चूल कुणी बंद ठेवली याचा उच्चारही नाही. आबांनी माळ कागदाच्या पुडीत बांधून तिच्या गाठोड्यावर ठेवली. ती निघून गेल्यावर पाहिलं तर पुडीचा रिकामा कागद उंबऱ्याशी पडला होता आणि माळ खुंटीला लटकत होती.

संगमावर ती गेली, हे नक्की. तिथून परत आली नाही. आठवड्यानं कळलं की ती वरकुट्याला गेली आणि सासरच्या अंगणात उभं राहून तिनं आपल्या वाटणीची जमीन मागितली. किती दिवस भांडली ते ठाऊक नाही. विहिरीजवळचा एक तुकडा आणि एक छप्पर घेऊनच उठली म्हणे. आबांनी मात्र माळ खुंटीवरून हलवली नाही. "परत आली की घालील," म्हणायचे. मधल्या काळात त्यांना बढती मिळाली. साहेब खरोखरच सभ्य होते. मलाही पुण्याला बोर्डिंगात घातलं, इंग्रजी शाळेत.

चौदाव्या वर्षी मी मामांबरोबर इंदापूरला गेले होते, तेव्हा हट्ट करून वरकुट्याला गेले. आत्या मळ्यात वाकलेली होती. समोर दोन वाफे कोबी होता. ती भाजी ती इंदापूरच्या बाजारात नेऊन विकायची. मामा बाहेर लिंबाखाली बसले. आत छपरात दोन पाट मांडले होते, एका माणसाच्या घरात दोन.

"आलीस व्हय? केवडी वाढलीस. बस. कालचं कोंबडं हाय, कोबी घालून, दोनदा उकळलंया." एका पाटावर ती बसली आणि आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. मी वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "आत्या, त्या दिवशी मला पडसं होतं. मला काही लागत नव्हतं. मी खोटं सांगितलं."

ती चावत राहिली. "म्हाईत हाय. तुजं नाक सांगत व्हतं."

"मग आबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आस्तं तर काय? तुला दोन फटकं, मला माफी, आन् माळ परत गळ्यात. पुन्ना अस्वल."

मला हलकं वाटायला लागलं होतं. "म्हणजे झालं ते बरंच झालं म्हणायचं."

तिनं ताट बाजूला सारलं. "न्हाय म्हनायचं! खोटं ते खोटंच. ते सायबाच्या पोटात गेलं आस्तं तर? तुज्या आईच्या गेलं आस्तं तर? म्या माजी जीब तुज्या तोंडात ठिवली व्हती, कुसे, आन् तू मला मागच्या सुक्रवारचं शिळं बोलनं वाढलंस." तिचे डोळे तसेच होते, परसातल्या चुलीपुढचे. तिनं मला माफ केलं नाही, ते बरं केलं. मग माझ्या ताटात वाढून ती म्हणाली, "खा. आन् सांग."

मी खाल्लं. नीट, वेळ घेऊन. "मीठ शेंड्याला. कोबी गोड, कडेला. तिखट मागून."

"न्हाय," आत्या म्हणाली. "तिखट आदी येतंय, मागनं ग्वाड. मला आता सोताला कळतंय."

पुढच्या हिवाळ्यात ती तापानं गेली. आम्ही वरकुट्याला पोचलो तेव्हा शेजारच्या बायका तिला न्हाऊ घालत होत्या. दारात चाळीस-पन्नास माणसं. आबा त्यांना सांगत होते की आमची बहीण जन्माची माळकरी, कधी मांसाला शिवली नाही. मग त्यांनी कोटाच्या खिशातून माळ काढली, खुंटीवरची तीच, आणि माझ्या हातात दिली. "घाल तिच्या गळ्यात."

मी माळ त्यांच्या हातात परत दिली. "आबा, ती माळकरी नव्हती. पडसं मला झालं होतं, ती चुकली नव्हती. आणि चूल तुम्ही पेटवू दिली नव्हतीत."

"लोक आहेत," आबा हळूच म्हणाले.

"म्हणूनच मोठ्यानं बोलतेय."

न्हाऊ घालणाऱ्या बायकांमधली एक वर न बघता म्हणाली, "पोर खरं बोलती. परवाच्या दिशी कोंबड्याचा वाटीभर रस्सा म्याच पाजला बनाबाईला. मीठ कमी हाय म्हनली."

आबांनी माळ कोटाच्या खिशात ठेवली. तिच्या गळ्यात घातली नाही. पुढे ती कुठे गेली, मी कधी विचारलं नाही. बारामतीच्या घरी गेले की पहिल्यांदा ती रिकामी खुंटी दिसायची. एक दिवस मी बत्त्यानं ठोकून ती उपटून टाकली. आबांनी पाहिलं आणि वर्तमानपत्र वाचत राहिले.

पुढे मी तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. निबंधात 'नाइस' दिसला की मी तांबडी रेघ ओढायचे आणि समासात लिहायचे, कुठे आणि कसं ते सांग. मुली मला खडूस म्हणत. म्हणू देत.

आता तुझ्या उरलेल्या मटणाविषयी. कालच्या मटणाला आधी कडकडीत उकळी दे, कपाट कितीही थंड असलं तरी. कोबी जाड चीर, भेदरं हातानं कुस्कर, दाटपणाला भाकरी चुरून घाल, नसेल तर पाव. उतरवण्याआधी स्वतः चाख, कुणा दुसऱ्याला विचारू नकोस. आणि वाढून घेऊन आधी स्वतः खाली बस.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, 'आजी, मस्त झालं होतं.' मस्त म्हणजे काय? मीठ कुठे लागलं, तिखट आधी आलं की मागून, ते नीट लिही.